हिंजवडी आणि येरवडा, दोन टोकांच्या नोकऱ्या: पुण्यात भाड्याचे घर कुठे घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचे जोडपे जूनमध्ये पुण्याला येत आहे. नवऱ्याचे ऑफिस हिंजवडी फेज ३ मध्ये, आठवड्यातून तीन दिवस जायचे. बायकोचे येरवड्यात, पाचही दिवस. मुलगी पहिलीत जाणार. दोन बेडरूमचे घर हवे, सोबत एक कार आणि एक स्कूटर. नातेवाईक सांगतात वाकड घ्या, ऑफिसमधले सांगतात खराडी. काय करावे?

तुमच्या बाबतीत दोन्ही नको. पहिली पसंती कोथरूडमधला पौड रस्त्याचा पट्टा, तोही वनाज, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी या मेट्रो स्थानकांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात. दुसरी पसंती पिंपळे सौदागर. नकाशात कोथरूड मध्यावर दिसत नाही, म्हणून हे उत्तर विचित्र वाटेल. पण पुण्यात अंतर किलोमीटरने मोजले की हमखास चूक होते. आठवड्याची मिनिटे मोजा.

हिशेब असा मांडा. नवऱ्याच्या आठवड्यात सहा फेऱ्या, बायकोच्या दहा. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत किती मिनिटे लागतात ते फेऱ्यांच्या संख्येने गुणा. नमुन्यासाठी आकडे धरू. वाकडहून फेज ३ साठी ४५ मिनिटे, येरवड्यासाठी ७५: म्हणजे २७० अधिक ७५०, एकूण १०२०. पिंपळे सौदागरहून अनुक्रमे ५५ आणि ६०: ३३० अधिक ६००, एकूण ९३०. कोथरूडहून ७५ आणि ४०: ४५० अधिक ४००, एकूण ८५०. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही प्रत्यक्ष मोजून घाला. पण मांडणी कळली की लक्षात येईल की जो रोज जातो त्याची सोय आधी पाहायची. नवऱ्याचे ऑफिस उद्या पाचही दिवसांचे झाले तर याच आकड्यांनी कोथरूड आणि पिंपळे सौदागर दोन्ही ११५० वर येतात, म्हणजे बरोबरी. म्हणून ‘तीन दिवस’ हे नेमणूकपत्रात लिहिलेले आहे की साहेब तोंडी म्हणाले आहेत, हे करार करण्याआधी विचारून घ्या.

कोथरूड पुढे का जाते ते सांगतो. मेट्रोची वनाज–रामवाडी मार्गिका पौड रस्त्यावरून निघते आणि नळ स्टॉप, डेक्कन, जिल्हा न्यायालय, पुणे स्टेशन, बंडगार्डन असे करत थेट येरवड्याला जाते. गाडी बदलायची गरज नाही, आणि पावसाळ्यात वेळ वाढत नाही. पिंपळे सौदागरहून नाशिक फाट्यापर्यंत तीन-चार किलोमीटर जायचे, तिथल्या मेट्रो स्थानकावर स्कूटर लावायची, स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडायची आणि जिल्हा न्यायालयाला उतरून दुसरी गाडी धरायची. तिथे एक मार्गिका जमिनीखाली आहे आणि दुसरी उन्नत, त्यामुळे सरकते जिने धरून सात-आठ मिनिटे बदलण्यातच जातात. जमते, पण रोज दोन वेळा करायचे म्हटले तर त्याचा त्रास होतो.

नवऱ्याचा रस्ता मात्र लांबचा. चांदणी चौकातून महामार्गाला लागायचे, बावधन, सूस, बाणेर, बालेवाडी मागे टाकत वाकडकडे. चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथली जुनी कोंडी बरीच कमी झाली. खरी परीक्षा पुढे आहे. हिंजवडीत शिरायला मुख्य वाटा तीन: वाकड चौकातून शिवाजी चौक, भूमकर चौकातून लक्ष्मी चौक किंवा मारुंजीची बाजू, आणि बालेवाडीमागून म्हाळुंगेमार्गे माण. फेज १ आणि फेज ३ या दोघांना ‘हिंजवडी’ असे एकच नाव असले तरी शिवाजी चौकापासून फेज ३ चे शेवटचे टोक पाच-सहा किलोमीटर आत आहे, आणि सकाळी नऊ ते साडेदहा तो वेळ गाडीत बसूनच जातो. फेज ३ साठी म्हाळुंगे–माण रस्ता जास्त सोयीचा, कारण त्यात शिवाजी चौक टळतो. ज्यांचे ऑफिस फेज १ मध्ये आहे त्यांचा सल्ला म्हणूनच तुम्हाला लागू पडत नाही.

एक गोष्ट क्रम बदलू शकते. माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका, तेवीस स्थानकांची, बालेवाडी आणि बाणेरवरून विद्यापीठ चौकामार्गे जाते. तुम्ही घर पाहायला याल त्या दिवशी या संपूर्ण मार्गावर नियमित गाड्या धावत असतील तर बाणेर–बालेवाडी तुमच्यासाठी सगळ्यात चांगले: एकाला इकडची गाडी, दुसऱ्याला तिकडची. पण ‘लवकरच सुरू होणार’ या शब्दांवर जास्त भाडे देऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात जे आज चालू आहे तेवढेच कामाचे. स्वतः त्या गाडीत बसून पाहा.

फेरी मोजायची ती मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी. रविवारी घरे पाहत फिरणारे लोक याच जागी फसतात. रविवारी पुण्यात सगळेच वीस मिनिटांवर असते. सकाळी पावणेनऊला निघून एकदा, संध्याकाळी साडेसहाला ऑफिसच्या गेटवरून निघून एकदा. प्रत्यक्ष जमत नसेल तर मोबाइलच्या नकाशात त्या वाराची, त्या वेळेची फेरी टाका आणि जो पल्ला दाखवतो त्यातला मोठा आकडा धरा. जून ते सप्टेंबर त्यात आणखी पाव भाग मिळवा. महामार्गाखालचे भुयारी रस्ते, विशेषतः भूमकर चौक, ताथवडे आणि पुनावळे इथले, जोराच्या पावसात तुंबतात आणि मग मागची रांग सर्व्हिस रोडवर पसरते.

एजंट म्हणेल, ‘मेट्रोपासून पाच मिनिटे.’ ती पाच मिनिटे मोटारसायकलची असतात. कोथरूड हे नाव फार मोठ्या भागाला आहे. कर्वेनगर, वारजे, डहाणूकर कॉलनी इथून पौड रस्त्यावरचे स्थानक चालत गाठणे रोजच्याला परवडत नाही, आणि रिक्षा धरली की वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात. रामबाग कॉलनी, आयडियल कॉलनी, शास्त्रीनगर, मयूर कॉलनीचा पौड रस्त्याकडचा भाग, भुसारी कॉलनीचा वनाजच्या बाजूचा भाग एवढ्यावर शोध ठेवा. इमारतीच्या दारापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत स्वतः चालत जा. दहा-बारा मिनिटांपलीकडे गेले तर वरचा हिशेब मोडतो. परतताना रात्री आठला चाला, दिवे आणि फुटपाथ कसे आहेत ते दिसेल.

कोथरूडमध्ये एक धोका खास आहे, तो म्हणजे पुनर्विकास. तिथल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. मालकाला तात्पुरता भाडेकरू हवा असतो, आणि पाच-सहा महिन्यांत बिल्डरशी करार झाला की घर रिकामे करा म्हणून सांगतात. मुलीची शाळा वर्षाच्या मध्यावर, आणि तुम्ही पुन्हा घरे शोधत. म्हणून सोसायटीच्या चेअरमन किंवा सेक्रेटरीला भेटून सरळ विचारा: पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, बिल्डर ठरला आहे का, घरे रिकामी करायची तारीख कोणती? मालकाचे ‘अजून दोन-तीन वर्षे काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. आणखी एक परिणाम असा की पाडलेल्या इमारतींमधली कुटुंबेही त्याच परिसरात भाड्याने राहायला पाहतात, त्यामुळे चांगले घर बाजारात आठवडाभरही टिकत नाही. तुमची कागदपत्रे तयार हवीत.

जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, कारसाठी ठरलेली जागा आहे का हेही बघा. ‘पार्किंग आहे’ म्हणजे बहुतेक वेळा स्कूटरचे. कारची जागा करारात नंबरासह लिहून घ्या, नाहीतर कार रस्त्यावर.

आता पाणी. घर निवडताना वाहतुकीनंतर हाच मुद्दा, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला याची कल्पना नसते, कारण फ्लॅट दाखवताना नळाला पाणी येतच असते. पुणे महापालिकेचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांमधून येते, पिंपरी-चिंचवडचे पवना धरणातून. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. मोठ्या सोसायटीत जमिनीखालची टाकी दोन दिवसांचे पाणी धरते, तिथे हे जाणवतही नाही. पण आठ-दहा फ्लॅटच्या छोट्या इमारतीत टाकी लहान असते आणि एक दिवस हुकला की घागरी भराव्या लागतात. पिंपळे सौदागरला घर घेतले तर टाकीची क्षमता विचारणे याचसाठी.

पुण्याच्या हद्दीत ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावे आली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली, नांदेड, किरकटवाडी, पिसोळी, मांजरी बुद्रुक ही त्यांतली. हद्द वाढली म्हणून जलवाहिनी लगेच पोचत नाही. या भागांतल्या अनेक नव्या, देखण्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. हिंजवडीजवळची माण, मारुंजी ही गावे बराच काळ ग्रामपंचायतीच्या कारभारात वाढली, तिथेही हेच. टँकर वाईट असतो असे नाही, पण त्याचा हिशेब कळायला हवा. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा मापदंड. शंभर फ्लॅट, प्रत्येकी चार माणसे धरली तर रोज ५४ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सुमारे साडेपाच टँकर. सोसायटी म्हणाली की आमच्याकडे उन्हाळ्यात दोन टँकर येतात, तर उरलेले कुठून येते ते विचारा: महापालिकेची जोडणी की बोअर. आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की भाडेकरूकडून वेगळे घेतात, हेही तिथेच.

हे प्रश्न एजंटला विचारून उपयोग नाही. वॉचमन, तळमजल्यावर इस्त्री करणारा माणूस, लिफ्टमध्ये भेटलेली एखादी ताई यांना विचारा, आणि प्रश्न मे महिन्याबद्दल विचारा: ‘गेल्या मे महिन्यात पाणी किती वेळ होते?’ बाथरूमच्या नळावर, गिझरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर बोअरचे जड पाणी आहे. काहीशे रुपयांना टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे छोटे यंत्र, मिळतो, तो खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. स्वयंपाकघराच्या नळाला आकडा पाचशेच्या वर गेला तर शुद्धीकरण यंत्राचा आणि त्याच्या देखभालीचा खर्च भाड्यात मिळवा. मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेले होते. घरात लहान मूल आहे, तेव्हा टाक्या शेवटच्या केव्हा धुतल्या आणि क्लोरीन टाकतात का, हे विचारायला संकोच करू नका.

पूर हा विषय नदीकाठच्या प्रत्येक घरासाठी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगर, पद्मावतीपर्यंत दाणादाण उडवली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. तुमच्या दुसऱ्या पसंतीत पवना नदी आहे, शेजारच्या पिंपळे निलख आणि सांगवीला मुळा. तळमजला किंवा तळघरातले पार्किंग असेल तर २०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते ते भिंतीवर दाखवायला सांगा. त्याच नद्यांमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णी माजते आणि संध्याकाळी डासांचा कहर होतो. नदीकडे तोंड करून असलेली बाल्कनी बघताना खिडक्यांना जाळ्या आहेत का, नसतील तर मालक बसवून देतो का, हे ठरवून घ्या.

शाळेचा निर्णय घराच्या आधी. खासगी शाळांचे जूनचे प्रवेश आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतात. तुम्हाला उशीर झाला असला तरी पहिलीत काही जागा सुटतात, कारण बदलीवर जाणारी कुटुंबेही असतात. शाळेला फोन करून जागा आहे का विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न: बस कोणत्या गेटवर, किती वाजता येते? पहिलीतल्या मुलीला पाऊण तासाची बस नको. आणि दुपारी मुलीला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला तर तुमच्यापैकी कोण लवकर पोचेल? कोथरूडला घर असेल तर येरवड्याहून मेट्रोने आई. मला या एका कारणासाठीही कोथरूड पुढे ठेवावेसे वाटते.

एप्रिल ते जून भाड्याची घरे शोधणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा घाईने वर्षाचा करार करू नका. आधी एकाने येऊन पंधरा दिवस कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये किंवा पाहुण्यांकडे राहावे आणि वरच्या फेऱ्या मोजाव्यात. मोबाइलवर फोटो पाहून टोकन पाठवणे तर नकोच. ‘मी बदलीवर परगावी आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ असे म्हणत आगाऊ रक्कम किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस मालक नसतो. टोकन देण्याआधी इंडेक्स-२ (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), ताजे वीजबिल आणि मालकाचे ओळखपत्र या तिन्हींवर एकच नाव आहे का ते जुळवा, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात भरा.

पुण्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचे भाडे, एजंटला एक महिन्याचे. महाराष्ट्रात भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात होते’ याला होकार देऊ नका. खर्चही फार नाही. भाडे २८ हजार, डिपॉझिट ८४ हजार धरा: अकरा महिन्यांचे भाडे ३,०८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचे व्याज ७,७००. एकूण ३,१५,७०० च्या ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७९० रुपये मुद्रांक शुल्क, आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी शुल्क. आधारवरून अंगठा घेऊन हे घरबसल्या होते. करून देणारा त्याची फी वेगळी घेतो. या करारावरच पोलिसांकडची भाडेकरूची नोंद, बँकेतला पत्ता, गॅसजोडणी सगळे चालते.

मसुद्यात चार गोष्टी शब्दांत हव्यात. मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जो जादा आकार घेते, तो मालकाने भरायचा. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडता येणार नाही अशी अट, असेल तर दोन्ही बाजूंना सारखा, आणि नवऱ्याची किंवा बायकोची बदली झाली तर एक महिन्याच्या नोटिशीवर सुटका. रंगकामासाठी डिपॉझिटमधून किती कापायचे, की अजिबात नाही. घर सोडताना सर्वात जास्त भांडणे याच मुद्द्यावर होतात. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याचे मुखत्यारपत्र पाहा, आणि हे लक्षात ठेवा की अनिवासी मालकाच्या भाड्यातून, रक्कम कितीही असो, कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. दर ३० टक्के आणि वर उपकर. हे करारानंतर कळले तर मालक ऐकत नाही, म्हणून आधीच सीएशी बोला.

फ्लॅट आवडला तरी आत गेल्यावर दारे लावून दोघांच्या मोबाइलचे नेटवर्क तपासा, कारण नवरा दोन दिवस घरूनच काम करणार आहे. इमारतीत दोन तरी इंटरनेट कंपन्यांची वायर आलेली असावी. जनरेटर फक्त लिफ्टला आहे की फ्लॅटमधल्या एका दिव्याला आणि पंख्यालाही, ते विचारा. कोल्हापूरची एमएच-०९ पासिंगची गाडी राज्यातल्या राज्यात चालते, तिच्यासाठी नवी नोंदणी लागत नाही.

सामानाच्या ट्रकची तारीख ठरवण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा. काही ठिकाणी रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर सामान आत घेऊ देत नाहीत, लिफ्टमध्ये मोठे कपाट चालत नाही, आणि कोल्हापूरहून आलेला ट्रक मग गेटबाहेर रात्र काढतो. चावी हातात घेताना वीजमीटरचे रीडिंग, भिंतीवरची ओल आणि प्रत्येक नळाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.